नाशकात जुनं घर घेताय? आधी पाण्याची वाट शोधा

बदली होऊन नाशकात येणाऱ्यांना किंवा निवृत्तीनंतर इथे स्थायिक व्हायचं ठरवलेल्यांना एजंट हमखास एखादा जुना फ्लॅट दाखवतो. कॉलेज रोड, शरणपूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड, जेल रोड, कुठेही जा, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या तीन-चार मजली इमारती भरपूर आहेत. खोल्या ऐसपैस, शाळा-बाजार हाकेच्या अंतरावर, अंगणात एखादं आंब्याचं झाड. अशी घरं मला मनापासून आवडतात आणि ती घेऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही. मात्र घेण्याआधी ती नीट बघायला हवीत. बघायची म्हणजे हॉलची लांबी-रुंदी आणि किचनचा ओटा नव्हे.

जुन्या घराची जवळजवळ सगळी दुखणी पाण्यामुळे होतात. सळ्या गंजतात त्या पाण्यानं, वाळवी येते ती ओलीमुळे, स्विचबोर्डला हात लावला की झिणझिण्या येतात त्याही बऱ्याचदा भिंतीतल्या ओलीमुळेच, आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्यांची भांडणंही गळतीवरूनच होतात. म्हणून घर बघताना एकच सूत्र धरा: गच्चीवर पडलेला थेंब आणि टाकीतून निघालेला थेंब कुठून कुठे जातो ते खालपर्यंत शोधत जा.

कधी जायचं

जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये जा. पाऊस चांगला लागून दोन-तीन दिवस झालेले असावेत. नाशकात पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या अंगाच्या भिंती, खिडक्यांचे कोपरे आणि सज्जाच्या वरची बाजू आधी ओलावते. पाऊस संपल्यावर घर बघताय आणि सगळ्या घराचा रंग जुना असताना एकाच भिंतीला किंवा छताच्या एकाच चौकोनाला ताजा रंग दिसला, तर तिथेच थांबा आणि सरळ विचारा, इथे काय होतं? उत्तर काय मिळतं यापेक्षा किती पटकन मिळतं, याकडे मी जास्त लक्ष देतो. एक फेरी सकाळी नळाला पाणी येण्याच्या वेळेला मारा. ही वेळ भागाप्रमाणे बदलते, वॉचमनला विचारलं की कळते.

इमारत कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

खिडकीच्या चौकटीत भिंतीची जाडी मोजा. सगळ्याच भिंती नऊ इंच किंवा जास्त जाडीच्या, आणि खोल्यांच्या कोपऱ्यांत खांब कुठेच दिसत नाहीत, तर इमारतीचा भार भिंतींवर आहे. अशा घरात 'ही भिंत पाडून हॉल मोठा करू' हा विचार डोक्यातून काढून टाका. आधीच्या मालकानं तसं काही केलंय का ते शोधा. खालच्या मजल्यावर दुकान असेल तर फार बारकाईनं बघा, कारण शटरसाठी भिंत काढून लोखंडी गर्डर टाकण्याचे उद्योग तिथेच होतात.

नवीन नाशकातल्या सिडकोच्या घरांची गोष्ट निराळी. मूळ घरं छोटी आणि बैठी, पण कुटुंब वाढलं तसे लोकांनी एकावर एक मजले चढवले. वरचे मजले छान दिसतात, टाइल्स नव्या असतात, पण पाया मूळ घराचाच असतो. वाढीव बांधकामाचा मंजूर नकाशा आहे का आणि मजला चढवताना पायापासून नवे खांब घेतले का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गच्चीवर चढा

तुमचा फ्लॅट तळमजल्याला असला तरी गच्ची बघा, कारण तिच्या दुरुस्तीचा खर्च सगळ्यांत वाटला जाणार आहे. जुन्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, असतो. त्याला भेगा पडल्या की पाणी आत जातं, विटांत मुरतं आणि महिनोन् महिने स्लॅबवर बसून राहतं. म्हणून तर पाऊस थांबून पंधरा दिवस झाले तरी वरच्या मजल्याचं छत ठिबकत असतं. पुष्कळ इमारतींनी जुना कोबा न काढता त्यावरच दुसरा केलेला असतो. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतं. तेवढा जादा बोजा जुन्या स्लॅबवर कायमचा बसतो. गच्चीच्या दाराचा उंबरठा खाली गेल्यासारखा किंवा कठडा बुटका झाल्यासारखा वाटला, तर असे थर चढले आहेत असं समजा.

सोलर वॉटर हीटर नाशकात घरोघरी आहेत. त्यांच्या स्टँडचे पाय कोब्यात भोक पाडून बसवलेत का, गरम पाण्याचे पाइप कुठे ठिबकतात का, ते बघा. मग कठड्याच्या भेगांत आणि ड्रेनेजच्या पाइपांच्या सांध्यात उगवलेली पिंपळाची, वडाची रोपं शोधा. पिंपळ उपटायला लोक धजत नाहीत, त्यामुळे वीतभर रोपाचं दोन वर्षांत मनगटाएवढं खोड होतं आणि मुळं गिलावा फोडून आत जातात. रोप मुळासकट काढून दुसरीकडे लावायला हवं. नुसतं छाटलं तर ते पुन्हा फुटतं.

स्लॅब, बीम, खांब

इथे घाई करू नका. बॅटरी न्या आणि खिशात एक नाणं असू द्या. बाल्कनीच्या स्लॅबची खालची बाजू, जिन्याखालची जागा, पार्किंगमधले खांब आणि पाण्याच्या टाकीखालचे बीम या चार जागांना रंगरंगोटी सहसा होत नाही, म्हणून इमारतीची खरी तब्येत तिथे कळते.

चांगल्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या क्षारामुळे सळईवर एक संरक्षक थर असतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरत जातो, तो क्षारपणा मारतो आणि थर निघून जातो. मग नुसती ओल मिळाली की सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो काँक्रीटला आतून ढकलतो. आधी सळईच्या रेषेत सरळ भेग दिसते, मग गिलावा पोकळ होतो, मग खपली पडते आणि तांबड्या सळ्या उघड्या दिसतात. नाण्यानं ठोकून बघा. भरीव जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. गिलावाच सुटलाय की आतलं काँक्रीट, हा फरक महत्त्वाचा. पहिल्याचा खर्च हजारांत असतो, दुसऱ्याचा लाखांत जाऊ शकतो.

जुन्या इमारतींत हे जास्त दिसण्याचं कारणही समजून घ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानं २००० साली आरसीसीसाठी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटसाठी, किमान एम-२० हा मजबुतीचा दर्जा ठरवला. त्याआधीच्या घरगुती बांधकामात एम-१५, म्हणजे एक पाटी सिमेंट, दोन वाळू, चार खडी हे प्रमाण सर्रास चालायचं. शिवाय सळईवरचं काँक्रीटचं आवरण बऱ्याच ठिकाणी जेमतेम असायचं. म्हणजे १९८८ ची इमारत वाईटच असते असं नव्हे. तिला पाण्यापासून जपावं लागतं, एवढाच याचा अर्थ.

भेगांना घाबरू नका, त्या वाचा. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असल्या तर काळजी नको. खांब किंवा बीम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यातली सरळ रेष बहुतेक घरांत असतेच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढणारी भेग, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती भेग, किंवा खांबावर उभी भेग दिसली, तर मात्र इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढचं बोलणं करायचं नाही. भेग जिवंत आहे की जुनी, हे जाणकार तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून बघतात. पट्टी तडकली तर हालचाल चालूच आहे.

लोखंडी खिडक्यांच्या चौकटी गंजून भिंत फुगवतात, तेही एकदा बघून ठेवा.

संडास-बाथरूम: बहुतेक भांडणांचं मूळ

जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे भरतात आणि फरशी करतात. नहाणीच्या जाळीपाशी किंवा कमोडच्या सांध्यात गळती झाली की पाणी त्या भरावात साचतं आणि खालच्या फ्लॅटच्या छतात उतरतं. वरच्याला काहीच दिसत नाही, खालच्याच्या घरात पोपडे निघतात.

म्हणून दोन दारं वाजवायची. ज्या फ्लॅटचा विचार करताय त्याच्या खाली जा, नम्रपणे विचारा, 'काका, वरून काही गळतं का हो?' ते त्यांचं छत आनंदानं दाखवतील. मग वर जा आणि तिथली माणसं कशी आहेत ते बघा. तुमच्या छतातली गळती थांबवायची तर फरशी त्यांची फोडायची आहे. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, गच्चीची गळती आणि बाहेरचे पाइप ही संस्थेची जबाबदारी, फ्लॅटमधल्या बाथरूमची गळती ज्याच्या त्याच्याकडे. वरचा माणूस समजूतदार असेल तर दुरुस्ती आठवड्यात होते. नसेल तर वर्षं जातात.

गळती नक्की कुठून आहे हे कळायला साधा उपाय आहे. नहाणीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन इंच रंगीत पाणी एक दिवस भरून ठेवायचं. खाली रंग उतरला तर फरशी गळतेय. नळ सगळे बंद असताना डाग वाढत राहिला तर दाबाखालचा पाण्याचा पाइप फुटलाय. नळांचा वापर झाला की मगच डाग वाढतो, असं असेल तर ड्रेनेजकडे बघा. विक्रीला काढलेल्या घरात मालक हे करू देईलच असं नाही, पण विचारायला काहीच हरकत नाही.

बाहेरचे उभे पाइप बिडाचे आहेत, सिमेंटच्या पत्र्याच्या जातीचे आहेत की पीव्हीसी, ते बघा. सिमेंटच्या जुन्या पाइपांत ॲस्बेस्टॉस असतं. ते जागेवर असताना फारसा धोका नसतो, पण कोरडे कापायचे किंवा हातोड्यानं फोडायचे नाहीत. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. खालचे चेंबर उघडायला लावा. मैला तुंबून पातळी वर आलेली असेल तर तळमजल्याचा फ्लॅट घेणाऱ्यानं दोनदा विचार करावा. बंगला असेल तर तो महापालिकेच्या ड्रेनेजला जोडलाय की मागच्या अंगणात अजून सेप्टिक टँक आहे, हे विचारून झाकण कुठे आहे ते बघून घ्या.

नळाचं पाणी

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी भिंतीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप टाकत. ते आतून गंजतात आणि गंजाचे, क्षारांचे थर बसून अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिलीएवढंच भोक उरतं. सकाळचं पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. तांबूस आलं तर उत्तर मिळालं. मग ओट्याचा नळ, बेसिनचा नळ आणि शॉवर एकदम सोडा. एक चालू केल्यावर दुसरा मान टाकत असेल तर पाइप बुजलेत. तुकड्या-तुकड्यानं दुरुस्ती करत बसण्यापेक्षा राहायला येण्याआधीच सगळी लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकची, करून घ्या, असं माझं ठाम मत आहे.

वरच्या मजल्यावर दाब कमी असतो त्याचं कारण मात्र पाइपांत नसतं. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. टाकी शॉवरच्या जेमतेम दोन मीटर वर असेल तर तुम्हाला ०.२ बार मिळणार, आणि तेवढ्यावर इन्स्टंट गीझर चालू होईलच असं नाही. अशा घरात नवे पाइप टाकूनही उपयोग होत नाही. टाकीचा स्टँड उंच करणं किंवा प्रेशर पंप, हेच पर्याय.

जमिनीतली टाकी उघडून बघा, विशेषतः ती ड्रेनेजच्या चेंबरच्या शेजारी असेल तर. बोअरचं पाणी त्याच टाकीत सोडतात का, हेही विचारा. आपल्याकडच्या बेसाल्टमधलं बोअरचं पाणी जड असतं. गीझरच्या कॉइलवर आणि शॉवरच्या भोकांवर पांढरे थर दिसले की समजायचं.

वीज आणि गीझर

मीटरपाशी आणि घरातल्या बोर्डावर पांढरे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज दिसले तर वायरिंग मूळचंच आहे. त्यातला एक फ्यूज न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, असेल तर तो मोठा धोका. तो उडाला की दिवे बंद पडतात, घर निर्जीव वाटतं, पण तारांत वीज असतेच. त्या काळी एका खोलीला एक पंखा, एक ट्यूब, कोपऱ्यात एक प्लग एवढीच सोय असे. दोन किलोवॉटचा गीझर नऊ अँपिअर ओढतो, एसी-ओव्हनचा तर त्या वायरिंगमध्ये हिशेबच धरलेला नव्हता. वायर ॲल्युमिनियमची आहे का, तिसरी तार म्हणजे अर्थिंग खरोखर आहे का, की तीन भोकांचा सॉकेट नुसता शोभेला बसवलाय, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर राहायला येण्याआधी ती बसवा. ओल्या भिंतींच्या घरात माणसाचा जीव तीच वाचवते. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे तेही बघा.

गॅस गीझरबद्दल कळकळीनं सांगतो. नाशकात थंडी कडक पडते. लोक बाथरूमचा झरोका काचेनं किंवा पुठ्ठ्यानं बंद करतात आणि आत गॅस गीझर लावतात. हवा अपुरी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस दार आतून बंद करून बेशुद्ध पडतो. बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर तो पहिल्याच दिवशी काढा. बाहेर मोकळ्या हवेत बसवा, नाहीतर विजेचा किंवा सोलर वापरा.

खालची जमीन, जवळची नदी

शहराच्या पुष्कळ भागात खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मळ्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या वस्त्यांत, मखमलाबाद-पाथर्डीकडे, कंपाउंडची भिंत कललेली, जोत्याभोवतीची फरशी सुटलेली, पावसाळ्यात दारं अडकतात आणि मेमध्ये सैल होतात, असं दिसलं तर पाया मुरमापर्यंत गेलाय का ते विचारा.

गोदेकाठी घर बघत असाल तर पूररेषा बघितल्याशिवाय विसार देऊ नका. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर लोकांच्या लक्षात आहेत. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं की आपल्या जोत्याला लागतं, हे तिथला जुना दुकानदार नेमकं सांगतो. नासर्डी नदीच्या काठीही हीच चौकशी करा.

वाडा असेल तर

जुन्या नाशकात, पंचवटीत, अजून वाड्यातली घरं विकायला निघतात. सागाचे खांब बघून भुलायला होतं. लाकूड जिथे भिंतीत शिरतं ते तुळईचं टोक आणि तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडावर, टेकलेला खांबाचा पाय, हे दोन भाग आधी कुजतात. तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर लाकूड संपलंय. माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर ती ओल आत कोंडून धरते. गिलावा वरून ठणठणीत, आत मात्र चिखल. शेजारचा वाडा पाडलाय का हेही बघा. दोन वाड्यांची सामाईक भिंत एकटी पडली की तिचा आधार जातो. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तुमच्या वाड्याला आली होती का, ते विभागीय कार्यालयात विचारा. भाडेकरूंचे दावे असतील तर आधी वकील गाठा, मग इंजिनिअर.

कागद आणि विसार

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, इंडेक्स दोन, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या हे सगळेच बघतात. इमारतीच्या तब्येतीचे कागद मात्र कुणी मागत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीनं पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्थैर्याचा दाखला घ्यायचा असतो. आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सांगितलंय. तो अहवाल मागा. त्यात इमारत सी-१ मध्ये असेल तर ती रिकामी करून पाडायची आहे. सी-२अ म्हणजे पूर्ण किंवा अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे राहूनच दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ काम. अहवालच नसेल तर स्वतःच्या खर्चानं इंजिनिअर न्या. घराच्या किमतीपुढे त्याची फी काहीच नाही.

नाशकात पुष्कळ इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. तिथे घोषणापत्र बघा. गच्ची आणि पार्किंग कुणाचं, खर्चाची वाटणी कशी, हे त्यातच असतं. बंद केलेल्या बाल्कन्या आणि मंजूर नकाशाबाहेरची कपाटं यांवरून भोगवटा दाखले, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, अडकल्याचा इतिहास या शहराला आहे, म्हणून नकाशा हातात घेऊन खोली न् खोली ताडून पाहा. लिफ्ट असेल तर परवाना चालू आहे का तेही बघा.

आणि विसार पावतीत तुम्ही बघितलेली प्रत्येक गळती खोलीचं नाव घालून लिहून घ्या. ती दुरुस्त कोण करणार आणि किती तारखेपर्यंत, ते लिहा. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरली असेल तर तुमच्या ताब्याआधीची विकणाऱ्यानं भरायची, हेही त्यात घाला. बाथरूममधले पाइप कुठून जातात हे जुन्या मालकाला तोंडपाठ असतं. ताबा घेताना त्यांना भिंतीवर खडूनं त्या रेषा काढायला सांगा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.